खारघरच्या गॅलरीत क्लेमॅटिस फुलेल का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खारघरला तिसऱ्या मजल्यावर तुमची पश्चिमेची गॅलरी आहे. मुलीकडे इंग्लंडला गेलात तेव्हा तिच्या कुंपणावर जून ते सप्टेंबर जांभळ्या फुलांनी लगडलेला क्लेमॅटिसचा वेल पाहिलात आणि तो मनात बसला. परत आल्यावर ऑनलाइन दोन रोपं मागवलीत. एक एप्रिलमध्ये वाळलं, दुसरं ऐन जुलैत माना टाकून बसलं. आता विचारताय की माझं काय चुकलं, आणि जास्तीत जास्त दिवस फुलणारा क्लेमॅटिस इथे लावायचा तरी कसा.

मी ठाण्यात मानपाड्याला राहतो. गेली बावीस वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या गॅलऱ्या, टेरेस आणि सोसायट्यांच्या बागा लावून देण्याचं काम करतो. क्लेमॅटिस मी स्वतः चार वेळा लावला. तीन रोपं वर्षाच्या आत गेली, चौथं तीन हिवाळे फुललं. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्या चार कुंड्यांनी शिकवलेलं आहे.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. पाणी कमी पडलं, खत जास्त झालं, असा दोष तुम्ही स्वतःला देताय. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. तुमची दोन रोपं दोन निरनिराळ्या कारणांनी गेली आणि दोन्ही कारणं त्या पश्चिमेच्या गॅलरीत आहेत. एप्रिलमध्ये दुपारी दोन ते सूर्यास्त तिथे थेट ऊन असतं. जुलैत नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस वाऱ्यासकट त्याच बाजूने आत घुसतो. म्हणजे जी जागा उन्हाळ्यात मुळं भाजते, तीच पावसाळ्यात मुळं बुडवते.

मुलीच्या कुंपणावर तो वेल चार महिने का फुलतो, ते समजलं की इथलं गणित उलगडतं. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनचा दिवस सोळा तासांहून मोठा असतो. दुपारी वीस-बावीस अंश, रात्री दहा-बारा. झाड दिवसभर उन्हातून अन्न कमावतं आणि रात्री श्वसनात त्यातलं थोडं खर्च करतं. रात्र थंड असली की खर्च कमी, शिल्लक मोठी, आणि ती शिल्लक कळ्यांमध्ये जाते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. कमाई कमी, त्यात रात्रीचा खर्च जास्त. अशा घरात चैनीला पैसा उरत नाही, तसं या झाडाला फुलांसाठी काही उरत नाही.

दुसरी अडचण झोपेची. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी क्लेमॅटिसचा वरचा भाग वाळतो आणि झाड मुळांत शांत पडून राहतं. ठाण्यात जानेवारीतली रात्र साधारण सोळा-अठरा अंशांची. आपल्याला शाल काढावीशी वाटते, पण या वेलाला ती झोपण्याइतकी थंडी वाटत नाही. तो अर्धवट जागा राहतो, बारीक बारीक फुटवे काढत बसतो आणि दरवर्षी थोडा थकत जातो. म्हणून इथे क्लेमॅटिस दहा-पंधरा वर्षांचा सोबती होईल, असं मी कुणालाच सांगत नाही.

तरी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण सरसकट "लागत नाही" म्हणणंही खरं नाही. घराला पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी आहे का, हा पहिला प्रश्न. सकाळी साडेदहा-अकरापर्यंत ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड, अशी जागा असेल तर मी प्रयत्न करा म्हणेन. दुसरा, वर छत आहे का. उघड्या टेरेसवर अडीच हजार मिलिमीटर पावसात हे झाड टिकवणं मला एकदाही जमलेलं नाही. तिसरा, तुम्ही कशावर समाधान मानाल. इथला क्लेमॅटिस जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत फुलतो. चांगल्या हंगामात माझ्या वेलाला एका वेळी दहा-बारा फुलं असायची, तिकडच्यापेक्षा लहान आणि रंगाने फिकी. ती दहा फुलं मला फार प्रिय होती. पण भिंत झाकणारा जांभळा पडदा डोळ्यांसमोर ठेवून लावलात तर वाईट वाटेल.

हे मान्य असेल तर आता करायचं कसं.

जात निवडताना एकच कसोटी लावा: फूल नव्या फुटव्यावर येतं की गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर? जुन्या फांदीवर फुलणाऱ्यांना खरी थंडी लागते आणि त्यांचा बहर एकदाच येऊन जातो. आपल्याच हिमालयातला क्लेमॅटिस मोंटाना त्यातला. १८३१ साली तो इथून इंग्लंडला गेला आणि तिकडे घरोघरी झाला, पण ठाण्यात त्याचा उपयोग नाही. आपल्याला हवा तो नव्या फुटव्यावर फुलणारा. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत १८६०च्या सुमारास तयार झालेला गडद जांभळा 'जॅकमनी' हा त्यातला सर्वात प्रसिद्ध, आणि तुमच्या वर्णनावरून मुलीच्या कुंपणावर बहुधा तोच असावा. व्हिटिसेला गटातले 'पोलिश स्पिरिट'सारखे वाण उष्णता थोडी जास्त सोसतात. माझा तीन हिवाळे टिकलेला वेल याच गटातला होता. हे वेल वाढतील तसे फुलत जातात, म्हणूनच त्यांचा बहर लांबतो.

रोप ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात घ्या, उन्हाळ्यात कधीच नको. थंड हवेच्या भागातल्या नर्सरीतून दोन वर्षांचं, बुडाशी निदान दोन-तीन काड्या असलेलं रोप मिळालं तर उत्तम. फुटभर उंचीची एकच काडी असलेलं पिल्लू स्वस्त पडतं, पण त्याच्या मुळांत आपला पहिला उन्हाळा काढण्याइतकी शिदोरी नसते. निळ्या-लाल क्लेमॅटिसच्या बियांची पाकिटं तर घेऊच नका. या संकरित वाणांच्या बिया आईसारखं फूल देत नाहीत, आणि क्लेमॅटिसचं बी रुजायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. मुलीलाही बॅगेत घालून रोप आणायला सांगू नका. २००३च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रोप देशात आणता येत नाही, आणि परदेशातली कीड आपल्या शेतांपर्यंत पोहोचू नये म्हणून तो नियम आहे.

कुंडीवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. बागकाम करणारे सांगतात की क्लेमॅटिसचे पाय सावलीत हवेत आणि डोकं उन्हात. आपल्याकडे पाय सावलीत असूनही भागत नाही, ते गारही लागतात. एका एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता मी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत थर्मामीटर खुपसून पाहिला, एकेचाळीस अंश. शेजारी मातीच्या कुंडीत ठेवलेली मातीची कुंडी होती, तिच्यात तेहतीस. तेव्हापासून मी हीच पद्धत वापरतो. आत बारा इंची मातीची कुंडी, बाहेर सोळा इंची, दोन्हींच्या मधल्या जागेत जाडी रेती. ती रेती रोज भिजवायची, माठाचं पाणी गार होतं तशी आतली माती गार राहते. मे महिन्यात हवेत दमटपणा वाढला की हा फरक कमी होतो, माठाचं पाणीही तेव्हा तितकं गार लागत नाही. पण मार्च-एप्रिल नीट निघतो. ही जोडी भिजल्यावर पन्नास किलोच्या आसपास भरते. ती बॉक्स ग्रिलवर ठेवू नका, लादीवरच ठेवा.

मातीसाठी माझं मिश्रण साधं आहे: दोन भाग चाळलेली लाल माती, दोन भाग विटांचा जाडसर चुरा, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जळकं भाताचं तूस आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी यात घालत नाही. बाकी गॅलरीत ते वरदान आहे, पण जुलैत ते पाणी धरून बसतं आणि या झाडाला तेच नको असतं.

लावण्याच्या खोलीबद्दल परदेशी सल्ला वाचलात तर गोंधळ होईल. तिकडे मोठ्या फुलांचा क्लेमॅटिस दोन-तीन इंच खोल पुरायला सांगतात. त्यामागचं कारण चांगलं आहे. या वेलाला एक बुरशीजन्य मर रोग होतो, त्यात वरची काडी एकाएकी काळी पडते. बुडखा मातीखाली असेल तर खालच्या डोळ्यांतून झाड पुन्हा फुटतं. आपल्या पावसाळ्यात मात्र इतका खोल पुरलेला बुडखा कुजण्याची भीती जास्त. मी मधला मार्ग काढला: लावताना फक्त एक इंच खाली, आणि डिसेंबरात वर पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आच्छादन मी काढून टाकतो.

आधाराचं काय केलंत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकांची इथेच फसगत होते. क्लेमॅटिस काकडीसारखे ताणे सोडत नाही आणि गोकर्णासारखा खोडाने वेढेही घेत नाही. पानाचा देठच वळतो आणि आधाराला मिठी मारतो. तो देठ इवलासा. आपल्या खिडक्यांच्या ग्रिलचा चौकोनी गज त्याच्या कवेत मावत नाही. सुतळी किंवा नायलॉनची बारीक दोऱ्याची जाळी बांधा, सुरुवातीला काड्या हलक्या हाताने तिच्यात गुंतवून द्या, पुढचं तो पाहून घेतो. काडी काचेसारखी पटकन तुटते, तेव्हा घाई नको. हातमोजे घाला, चिकाने त्वचेची आग होते. घरात नातवंडं किंवा मांजर असेल तर पानं तोंडात जाणार नाहीत अशी जागा पाहा.

आता वर्षाचं वेळापत्रक. तिकडचं वेळापत्रक इथे चालत नाही, ते मी उलटं करून घेतलंय. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी वेल जमिनीपासून फुटभरावर छाटतात. मी ही छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करतो. थंडीने दिली नाही ती विश्रांती कात्रीने द्यायची, असा माझा विचार. खालच्या दोन-तीन सशक्त डोळ्यांच्या जोड्या ठेवून बाकी सगळं काढायचं, वरची दोन इंच माती बदलायची. दहा-बारा दिवसांत फुटवे दिसतात. नोव्हेंबर ते जानेवारी दर पंधरा दिवसांनी शेणखताचं पातळ पाणी, आणि कळी दिसली की एकदा थोडं पोटॅश. पहिली फुलं जानेवारीत येतात. सुकलेलं फूल लगेच खालच्या पानांच्या जोडीपर्यंत काढलंत तर बी धरण्यात झाडाची ताकद जात नाही आणि बाजूचा फुटवा कळी घेऊन येतो. बहर लांबवण्याचा माझ्या हाताशी असलेला हा एकच खात्रीचा उपाय आहे. एक सांगतो, ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती या फुलाची निदलं आहेत, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं; खऱ्या पाकळ्या त्याला नसतातच. बोगनवेलीच्या रंगीत कागदांसारखीच ही फसवणूक, आणि दोन्ही किती देखण्या.

मार्चच्या मध्याला खत बंद. होळी झाली की कुंडी घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या कोपऱ्यात हलवा. एप्रिल-मे वाढीची अपेक्षा ठेवू नका, पानांच्या कडा करपतील, करपू द्या. जून ते सप्टेंबर कुंडी छताखाली, झड येणार नाही इतकी आत. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी.

तुमचं दुसरं रोप जुलैत गेलं त्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पुढच्या वेळी ओळखता आलं पाहिजे. माती ओली असूनही पानं मलूल झाली तर आपला हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. तिथे थांबा. रोप कुंडीतून काढून मूळ पाहा. क्लेमॅटिसची मुळं बुटाच्या नाडीसारखी जाड आणि तपकिरी असतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. मूळ चिमटीत धरून ओढा. ताठ लागलं तर ते जिवंत आहे. साल सुटून हातात आली, आत दोरा उरला आणि कुबट वास आला तर ती मुळकुज. मुळकुजीत कुजलेलं सगळं कापून, कोरड्या मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घालून नव्याने लावणं एवढंच हातात असतं आणि निम्म्या वेळाही यश येत नाही. मुळं धडधाकट आणि काडी मात्र मातीच्या वर काळी पडली असेल तर तो मर रोग. काळा भाग खालपर्यंत छाटून टाका, कात्री उकळत्या पाण्यात धुवा आणि वाट पाहा, झाड परत येऊ शकतं. माझं एक रोप मी ते मेलं समजून फेकलं होतं. ते मर रोगाचं होतं हे मागाहून लक्षात आलं. त्याची रुखरुख अजून आहे.

आता पश्चिमेच्या गॅलरीचं पाहू, कारण क्लेमॅटिस पूर्वेला गेला तरी तुम्हाला तिथे भरपूर दिवस फुलणारं जांभळं-निळं काहीतरी हवंच आहे. तिथे मी डोळे मिटून गोकर्ण लावेन, दुहेरी पाकळ्यांचा गडद निळा. आपण त्याला कुंपणावरचा, पूजेच्या परडीतला म्हणून कमी लेखतो. ज्या उन्हाने क्लेमॅटिस वाळला त्याच उन्हात गोकर्ण आनंदात असतो. बी रात्रभर भिजवून पेरलं की दीड-दोन महिन्यांत फूल. बारा इंची कुंडी पुरते. मुळांवरच्या गाठींमधून तो हवेतला नत्र स्वतः मिळवतो, त्यामुळे नत्राचं खत देऊन नुसती पानं वाढवू नका. शेंगा धरू दिल्या नाहीत आणि फेब्रुवारीत अर्ध्यावर छाटला तर वर्षातले नऊ-दहा महिने फूल असतं. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या ऐरोलीच्या गॅलरीत दोन कुंड्यांनी सहा फूट जाळी झाकली आहे, आणि रोज सकाळी त्यांच्या देवघरात वाटीभर फुलं जातात.

मोठं फूलच हवं असेल तर निळ्या थनबर्जियाचा वेल आहे, पण तो मोठ्या ड्रममध्ये लावावा लागतो आणि वरच्या मजल्यावरच्यांच्या ग्रिलमध्ये शिरतो. आधी त्यांना विचारून घ्या. कृष्णकमळही छान. त्यावर फुलपाखरांच्या अळ्या येतात. मी त्या मारत नाही, पानं पुन्हा येतात.

शेवटी एक गोष्ट तुम्हाला आवडेल असं वाटतं म्हणून सांगतो. क्लेमॅटिस आपल्या मातीला परका नाही. सह्याद्रीत त्याच्या रानटी जाती आहेत. क्लेमॅटिस गौरियाना आणि क्लेमॅटिस हेनेई या दोघांनाही आपल्याकडे मोरवेल किंवा रानजाई म्हणतात. पाऊस सरल्यावर घाटातल्या झुडपांवर लहान, मलईच्या रंगाच्या फुलांचे झुबके दिसतात, आणि फुलं गेली की बियांना पिसांसारखी रुपेरी शेपटी फुटते. सकाळच्या उन्हात ती चमकताना पाहिलीत तर तुम्ही थांबाल. मुलीच्या वेलाचा हा सख्खा चुलत भाऊ, देठाने मिठी मारून तसाच चढतो. तो गॅलरीत मावणार नाही, त्याला जमीन आणि कुंपण लागतं. पण सोसायटीच्या मागच्या कुंपणावर जागा असेल तर कमिटीशी बोलून पाहा. येऊरच्या किंवा कर्नाळ्याच्या जंगलातून मात्र रोप किंवा काडी आणू नका, ती संरक्षित वनं आहेत. स्थानिक झाडांची रोपं करणाऱ्या नर्सरीत पावसाळ्याच्या सुरुवातीला विचारून ठेवा.

तर ताई, गोकर्णाचं बी आजच रात्री भिजत घाला, त्याला मुहूर्त लागत नाही. क्लेमॅटिससाठी ऑक्टोबरपर्यंत थांबा. तोवर पूर्वेच्या खिडकीत किती वाजेपर्यंत ऊन येतं ते आठवडाभर लिहून ठेवा, आणि पुढच्या जोरदार पावसात तिथली लादी किती आतपर्यंत भिजते तेही पाहा. ते दोन आकडे मला कळवलेत की कुंडी नेमकी कुठे ठेवायची ते सांगतो.